काळी फीत चालते, संप चालत नाही: शाळेतल्या कर्मचाऱ्यांना युनियनचा हक्क नेमका किती?

५ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या बऱ्याच शाळा बंद होत्या, आठवतंय ना? मुद्दा टीईटीचा होता, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी ५ वर्षांपेक्षा जास्त उरलीये त्यांनीही, आधीपासून नोकरीत असले तरी, दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परत परीक्षा, म्हणून संघटना चिडल्या आणि एक दिवस शाळा बंद ठेवल्या.

त्या दिवशी आमच्या पालकांच्या ग्रुपवर जे भांडण झालं ते वाचण्यासारखं होतं. एक जण म्हणे, सरकारी नोकरांना संप करायचा हक्कच नाही, कोर्टानेच सांगितलंय. दुसरा म्हणे, युनियन करायचा हक्क घटनेने दिलाय, वाचा जरा. दोघं सकाळी दहापासून रात्रीपर्यंत एकमेकांना लिंका पाठवत बसले आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते, फक्त दोघं वेगवेगळ्या हक्काबद्दल बोलत होते.

माझी मोठी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सोळा वर्षं झाली. त्यामुळे हा विषय आमच्या घरात जेवणाच्या ताटावर असतो. तर जरा सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी एक खुलासा. मी बोलतोय जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका आणि सरकारी शाळांबद्दल, आणि जिथे पगार सरकार देतं त्या अनुदानित शाळांबद्दलही थोडं.

एक हक्क नाही, तीन हक्क आहेत

गणपती मंडळाचं उदाहरण घ्या. आळीतल्या दहा पोरांनी ठरवलं, आपलं मंडळ काढू. काढा की, कोण अडवतंय. पण रस्त्यावर मांडव घालायचा तर परवानगी लागते आणि ती द्यायची की नाही हे महापालिका ठरवते. आणि दहा दिवस अख्खा रस्ताच बंद करू म्हणालात तर मग पोलीस येतात.

युनियनचंही असंच आहे. एक, संघटना काढणं. दोन, सरकारने त्या संघटनेला मान्यता देऊन तिच्याशी बोलणं. तीन, संप. लोक या तिन्हीला मिळून "युनियनचा हक्क" म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. पहिला हक्क घटनेतला, पक्का. दुसरा सरकारच्या मर्जीवर बराचसा. तिसरा सरकारी कर्मचाऱ्याला कायद्याने नाहीच.

पहिला हक्क: संघटना काढणं

घटनेचं कलम १९(१)(ग), यात नागरिकांना संघटना आणि युनियन काढायचं स्वातंत्र्य आहे. सरकारी नोकरीला लागलं म्हणून माणूस नागरिक राहायचा थांबत नाही. सरकार या हक्कावर बंधनं घालू शकतं, पण देशाची एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता अशा मोजक्याच कारणांसाठी आणि तीही वाजवी हवीत.

मग पोलिसांची युनियन का नाही? कारण घटनेतच कलम ३३ आहे, सैन्य आणि पोलिस वगैरेंचे मूलभूत हक्क संसद कमी करू शकते. मुंबईत १९८२ साली पोलिसांनी आंदोलन केलं आणि त्यांची संघटनाच मोडून काढली गेली. शिक्षक, क्लार्क, शिपाई हे त्या कलमात येत नाहीत. एवढा साधा फरक आहे.

हे इतकं सरळ वाटतं पण त्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. केंद्र सरकारने एकेकाळी असा नियम केला होता की ज्या संघटनेला सरकारची मान्यता नाही तिचं सदस्यच व्हायचं नाही. म्हणजे आधी मी मान्यता देईन, मग तू संघटनेत जा, आणि मान्यता मी काढून घेतली की तूही बाहेर पड. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ या खटल्यात हा नियम उडवून लावला. मान्यता देणं न देणं सरकारच्या हातात, मग हक्क सरकारच्या मर्जीवर लटकला, तो हक्क कसला राहिला, असा साधा मुद्दा होता. आज माझ्या बहिणीच्या पर्समध्ये संघटनेची वर्गणीची पावती बिनधास्त असते ती या निकालामुळे, तिला हे माहीतही नव्हतं.

काळ्या फितीची गोष्ट

हे मला सगळ्यात आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

"काळ्या फिती लावून काम" ही बातमी तुम्ही शंभर वेळा वाचली असेल. आमच्या घरी त्या फिती शिवणाच्या डब्यात असतात, साध्या काळ्या अस्तराच्या कापडाच्या, बोटभर लांब, सेफ्टी पिन आधीच टोचून ठेवलेली. आंदोलन आलं की डबा उघडायचा. मला वाटायचं की ही फीत म्हणजे काहीच न करण्याचा प्रकार आहे, सरकारला काय फरक पडतो, मुलं पण विचारतात बाई कोण वारलं.

पण या फितीमागे सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. बिहार सरकारच्या नियमात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने नोकरीच्या अटींबाबत कुठल्याही निदर्शनात किंवा संपात भाग घ्यायचा नाही. १९६२ सालचाच कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य हा खटला. कोर्ट म्हणालं, निदर्शन हे मत मांडायचं एक साधन आहे, ते दंगा करूनही होतं आणि नुसता छातीवर बिल्ला लावूनही होतं, तुम्ही तर सरसकट सगळंच बंद केलंय. म्हणून निदर्शनांवरची बंदी रद्द झाली. आणि त्याच निकालात, त्याच नियमातली संपावरची बंदी मात्र शाबूत राहिली.

एकाच वाक्याचे दोन तुकडे झाले, अर्धा गेला अर्धा राहिला. तेव्हापासून आपल्याकडचं कर्मचारी आंदोलन याच कात्रीतून कापलेलं दिसतं. काळी फीत, सुट्टीच्या दिवशी मोर्चा, आझाद मैदानावर धरणं, शाळा सुटल्यावर पंचायत समितीसमोर घोषणा, हे चालतं. वर्गात न जाणं चालत नाही.

दुसरा हक्क: सरकारने ऐकलंच पाहिजे का?

नाही. इथे लोकांचा खूप भ्रमनिरास होतो.

१९६१ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा एक खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. युक्तिवाद असा होता की युनियन काढायचा हक्क दिलाय तर ती युनियन ज्यासाठी काढली ते काम साधायचा हक्कही त्यातच आला पाहिजे, म्हणजे वाटाघाटीचा, संपाचा. ऐकायला पटतं. पण कोर्टाने मानलं नाही. म्हणजे संघटना काढणं मूलभूत हक्क, तिचा हेतू साध्य होणं मूलभूत हक्क नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप काढायला कुणाची परवानगी लागत नाही पण समोरच्याने रिप्लाय द्यावा अशी सक्ती करता येत नाही, तसं.

मान्यता मिळाली की काय मिळतं तर मंत्रालयातल्या बैठकीचं निमंत्रण, निवेदनाला उत्तर यायची शक्यता, अधिवेशनाला जायला विशेष रजा. (ही अधिवेशनं आणि त्यासाठी रिकाम्या पडणाऱ्या शाळा यावर पेपरात टीका होते ती सगळीच चुकीची नसते, हेही सांगून टाकतो, बहिणीने वाचलं तर वाचलं.)

कारखान्यातल्या कामगारांसाठी वाटाघाटीचं निदान एक ठरलेलं यंत्र आहे. तडजोड अधिकारी, लवाद, आता केंद्राच्या नव्या लेबर कोडमध्ये, म्हणजे कामगार कायद्यात, ५१ टक्के कामगार ज्या युनियनमागे तिच्याशी मालकाने बोलायचं वगैरे. मग शिक्षक त्यात का नाहीत?

शिक्षक कामगार नाही, पण शिपाई आहे

याचं उत्तर गोव्यातून आलं. पणजीजवळच्या करंझाळेमधल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये नोकरीवरून काढलं. त्या कामगारांसाठीच्या औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेल्या आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, निकाल लागला १९८८ मध्ये. तोवर सुप्रीम कोर्टाच्याच १९७८ च्या बेंगलोर वॉटर सप्लाय या निकालामुळे शिक्षणसंस्था "उद्योग" या व्याख्येत येते हे ठरलेलं होतं. त्यामुळे वाटलं असणार की आता सोपं आहे. पण कोर्टाने बारीक फरक केला. शाळा उद्योग असेल, पण शिक्षक कामगार नाही. कारण कायद्यातला कामगार म्हणजे अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा, आणि शिकवणं हे यातलं काहीच नाही, ते उदात्त कार्य आहे.

उदात्त म्हटलं की आपल्याकडे समजून जायचं, आता हातात काही पडणार नाही. त्याच शाळेतला क्लार्क, शिपाई, प्रयोगशाळेतला मदतनीस यांचं काम मात्र व्याख्येत बसतं. म्हणजे गुरुजींना हार आणि शिपाईमामांना लेबर कोर्ट. कोर्टाने एवढं मात्र सुचवलं की राज्यांनी शिक्षकांसाठी दाद मागायची वेगळी सोय करावी. महाराष्ट्रात खासगी शाळांसाठी ती होतीच, १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, ज्यात शाळा न्यायाधिकरण आहे आणि काढून टाकलं तर ३० दिवसांत तिथे अपील करता येतं. जिल्हा परिषदवाल्यांना हा कायदा नाही, ते जिल्हा परिषदेच्या सेवा नियमांखाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे लेबर कोड लागू झाले तेव्हा बऱ्याच शिक्षकांनी विचारलं की आता तरी बदललं का. कामगाराची व्याख्या बरीचशी जुनीच आहे. पत्रकार आणि कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी यांचं नाव व्याख्येत स्पष्ट घातलंय. शिक्षकांचं नाही.

तिसरा हक्क: संप

इथे सगळ्यात मोठा निकाल तामिळनाडूचा. २००३ साली तिथे सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि सरकारने जवळपास २ लाख लोकांना एका फटक्यात काढून टाकलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार. कोर्ट म्हणालं, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला नाही आणि नैतिक हक्कही नाही. बहुतेकांना नंतर परत घेतलं गेलं पण माफी आणि लेखी हमी देऊन. पालकांच्या ग्रुपवरचा पहिला माणूस ज्या निकालाची लिंक पाठवत होता तो हाच.

शिवाय राज्याचे वर्तणूक नियम आहेत, त्यातही संप मना आहे. जिल्हा परिषदेसाठी १९६७ चे वेगळे, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे. आणि वरून मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा चालू ठेवायचा कायदा, त्याखाली एखादी सेवा अत्यावश्यक जाहीर केली की संप हा गुन्हाच होतो.

बाहेरच्या जगाचा एक संदर्भ देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन करार आहेत, क्रमांक ८७ आणि ९८, संघटनेचं स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यावरचे. भारताने हे दोन्ही मंजूर केलेले नाहीत. आणि कारण नेमकं हेच सांगितलं जातं, की मग सरकारी कर्मचाऱ्यांना आपल्याकडे जे हक्क नाहीत ते द्यावे लागतील.

मग संप होतात कसे?

होतात, कारण कायदा एक आणि माणसांची संख्या दुसरी गोष्ट. १९७७-७८ ला महागाई भत्त्यासाठी महाराष्ट्रातले कर्मचारी ५४ दिवस संपावर होते. माझे आजोबा त्यात होते, आजी सांगायची की किराणावाल्याने वही बाजूला ठेवली आणि म्हणाला संप मिटला की बघू.

आणि परवाचं उदाहरण, १४ मार्च २०२३. मागणी जुन्या पेन्शनची, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही, माझी बहीण त्यातलीच. आदल्या रात्री त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा मेसेज आला, उद्या कोण कोण संपावर आहे त्यांनी नावं टाका, वर माहिती द्यायची आहे. आठ जणांनी मेसेज वाचला, नाव कुणीच टाकेना. पंधरा-वीस मिनिटं नुसत्या निळ्या टिका. मग सगळ्यात सीनियर बाईंनी फक्त स्वतःचं नाव टाकलं आणि त्याखाली धडाधड सात नावं आली. मी शेजारी बसून बघत होतो. कायद्याच्या पुस्तकात युनियनची व्याख्या काही का असेना, मला तरी ती त्या दिवशी तिथे दिसली.

त्याच दिवशी विधानसभेत मेस्माचं नवं विधेयक चर्चा न होता मंजूर झालं. आणि तरीही संप सात दिवस चालला, २० मार्चला मिटला, सरकारने समिती नेमली आणि पुढे मार्च २०२४ मध्ये शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शनचा पर्याय असलेली सुधारित योजना आणली. ते सात दिवस रजेत धरायचे की बिनपगारी, यावर मात्र पुढे बरीच खलबतं चालली. म्हणजे हक्क नसताना केलेल्या संपातून काहीतरी मिळालं, पण ते सरकारने दिलं म्हणून मिळालं, मागता येतं म्हणून नाही. उद्या दुसरं सरकार तामिळनाडूसारखं वागलं तर हे सगळे आठ जण उघड्यावर असते.

"पण मुलांचं नुकसान होतं त्याचं काय?"

होतं. मार्च २०२३ चा संप दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा चालू असताना झाला, ती वेळ काही योगायोगाने निवडलेली नव्हती. कारखान्यातला संप मालकाच्या नफ्यावर बसतो, शाळेतला संप तिसऱ्याच माणसावर, तेही ज्याच्या आईबापाला ट्यूशन परवडत नाही त्या पोरावर. मला हा आक्षेप सगळ्यात वजनदार वाटतो आणि संघटनावाले त्याला नीट उत्तर देत नाहीत.

पण यावरून निघतं काय? संप नको असेल तर संपाआधीची पायरी मजबूत पाहिजे. कोणीतरी तटस्थ माणूस असावा ज्याच्यापुढे दोघांनी जायचं आणि त्याचं दोघांनी ऐकायचं. ती पायरीच नाही. निवेदन द्या, पोच घ्या, वाट बघा. माझ्या बहिणीकडे अशा पोच शिक्का मारलेल्या निवेदनांची एक फाईलच आहे, सगळ्यात जुनं २०११ चं.

"एवढा पगार असताना युनियन कशाला?"

कारण भांडण दर वेळी पगाराचं नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायची नाहीत. प्रत्यक्षात रोज एक लिंक येते, ही माहिती भरा, तो फोटो अपलोड करा, आजच्या आज. एकट्या शिक्षकाने "कलम २७" असं गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगून बघावं, पुढे काय होतं ते. संघटनेचं निवेदन गेलं की निदान भाषा जरा बदलते. बदल्या, मेडिकल बिलं, वेळेवर न निघणारा पगार, हे सगळं याच खात्यात.

आणि कामचुकार लोकांना संघटना पाठीशी घालते का? घालते, काही वेळा. जो वर्गणी भरतो त्याची बाजू घ्यावी लागते आणि बाजू घेणं आणि झाकणं यातली रेघ बऱ्याच तालुक्यांत पुसली गेलीये. हे नाकारण्यात अर्थ नाही.

"सगळं राजकारणच आहे"

थोडं घटनेनेच करून ठेवलंय. कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेत शिक्षकांचे वेगळे मतदारसंघ असतात, महाराष्ट्रात ७८ पैकी ७ जागा. ज्या कर्मचाऱ्याने पक्षाचं काम करायचं नाही असं वर्तणूक नियम सांगतात त्याच्याच मतावर आमदार निवडून येतो, आणि मग संघटनेच्या मागणीला विधिमंडळात दार मिळतं. पण हे मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना नाही. माझ्या बहिणीला सोळा वर्षांत शिक्षक आमदारासाठी एकदाही मत देता आलेलं नाही, प्रचाराचे मेसेज मात्र सगळे येतात.

जे कशातच बसत नाहीत

शाळेत आणखीही माणसं असतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, दोन-अडीच हजारांच्या मानधनावर. मानधन म्हणजे पगार नाही, म्हणून त्या सरकारी कर्मचारी नाहीत, म्हणून पेन्शन नाही, बढती नाही. एका अर्थी मोकळ्या, वर्तणूक नियमांचा जाच नाही, युनियन करता येते आणि अशा युनियन आहेतही. अंगणवाडी सेविकांचं बघा, त्यांनी मानधनावर राहून मोठमोठे संप केले, तर २०१८ मध्ये सरकारने त्यांनाच मेस्मा लावला. कर्मचारी म्हणून धरायचं नाही आणि संप केला की अत्यावश्यक. विधानसभेत गोंधळ झाला तेव्हा त्याला स्थगिती दिली.

५ डिसेंबरला बहिणीच्या शाळेतल्या ताई नेहमीसारख्या नऊ वाजता आल्या होत्या, त्यांना बंदचं कुणी सांगितलंच नव्हतं, त्या शिक्षकांच्या ग्रुपवर नाहीत ना. गेटला कुलूप बघून फोन केला. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, बाई, तुमची ती पावती आमची पण फाडा की. बहिणीने घटना काढून बघितली, तिच्या संघटनेची. सभासद म्हणून फक्त प्राथमिक शिक्षक. मग तालुक्याला पोषण आहारवाल्यांची युनियन चालवणाऱ्या एका बाईंचा नंबर शोधून दिला, तो ताईंनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलाय.